बंद करा, चालू करा आणि गप्प बसा

कॉम्प्युटरच्या यच्चयावत रोगांवर मिळून एकच औषध निघाले आहे. ते फुकट आहे, ते द्यायला शिक्षण लागत नाही, आणि रोगी दगावला तरी वैद्यावर किटाळ येत नाही. ‘बंद करून चालू करा.’ बस्स! आमच्या आजीकडेही सगळ्या दुखण्यांवर सुंठच असायची. पण सुंठ उगाळण्याआधी ती ‘कुठं दुखतंय रे?’ एवढे तरी विचारायची. या नव्या वैद्यांना तेवढीही उसंत नाही. फोनच्या पलीकडून आवाज येतो, ‘‘बंद करून चालू केलंत का?’’ केले म्हणून सांगावे, तर म्हणतात, ‘‘परत एकदा करा.’’

या औषधाविरुद्ध मी आज लेखणी उपसली आहे. लेखणी बँकेची आहे, म्हणजे दोरीने काउंटरला बांधलेली. तेव्हा फार लांबवर वार करता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे भांडण नेमके कशाशी आहे, तेही सांगतो. एखादे यंत्र क्वचित कधी अडून बसले आणि कुणी ते बंद करून चालू केले, तर माझी काही हरकत नाही. माणूससुद्धा दुपारी डुलकी काढून उठला की जरा बरा वागतो. पण जो सर्व्हर आपला आपणच बंद पडतो आणि आपला आपणच पुन्हा उठतो, त्याला हे औषध सांगणाऱ्याचे काय करावे? अहो, तो बिचारा तेच तर करतोय! दिवसातून चारदा स्वतःच्या हाताने ते औषध घेतोय, आणि तुम्ही त्याला पाचवा डोस लिहून देताय. उलट्या होणाऱ्या माणसाला ‘एकदा उलटी करून बघा, बरं वाटेल’ असे सांगण्यातलाच हा प्रकार.

आमच्या शाखेत असा एक सर्व्हर होता. खातेदारांची खरी खाती हल्ली शेकडो मैलांवरच्या डेटा सेंटरमध्ये सुखरूप असतात. शाखेतला सर्व्हर म्हणजे नुसता मधला निरोप्या. पण निरोप्या चक्कर येऊन पडला की राजाचा हुकूम वाटेतच राहतो. हा पडला की सगळ्या टेबलांवरचे पडदे एकदम मुके व्हायचे. मग दहा मिनिटे तो उठणार, डोळे चोळणार, आपण कोण, कुठे आहोत याची स्वतःशी खात्री करून घेणार, आणि मग कुठे आमच्याशी बोलणार. महिन्याच्या एक तारखेला त्या दहा मिनिटांत काउंटरपासून रस्त्यापर्यंत पेन्शनर उभे असतात. त्यांतल्या एका आजोबांनी मला शांतपणे विचारले, ‘‘तुमचा सर्व्हर रिटायर झाला का हो? कारण आम्हालाही असंच होतं.’’

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे आता मराठी भाषेतले वाक्य झाले आहे. ते रेशन दुकानात ऐकू येते, तलाठ्याकडे ऐकू येते, तिकीट-खिडकीवर ऐकू येते. पूर्वी ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य जे काम करीत असे, ते आता हे वाक्य करते. फरक एवढाच, की साहेब जेवून परत येत, आणि कशासाठी गेले होते हे सर्वांना ठाऊक असे.

आम्ही तक्रारी केल्या. एक नव्हे, चौदा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला आणि प्रत्येक क्रमांकापुढे त्याच दिवशी शेरा पडला : ‘रीस्टार्ट केले. यंत्रणा सुरळीत. तक्रार निकाली.’ चौदाही तक्रारी निकालात निघाल्या. सर्व्हर मात्र होता तसाच. पुढे आम्हाला कळले, की तक्रार किती लवकर निकाली निघते यावर त्या मंडळींचे गुण ठरतात. ती परत का आली, याला गुणही नाहीत आणि दंडही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी एवढेच म्हणेन, की ज्याचा हिशेब ठेवाल तेच वाढते. तुम्ही निकालांचा हिशेब ठेवलात, निकाल वाढले.

आता आम्ही कारकून मंडळी हे इतके मनाला का लावून घेतो? तर आमचे वळणच तसे पडले आहे. संध्याकाळी कॅश मोजताना दहा रुपये कमी भरले, तर ‘ड्रॉवर बंद करून पुन्हा उघडा’ असे कुणी म्हणत नाही. शोधावे लागते. आणि शोधायच्याही रीती आहेत. तेरजेत फरक आला आणि त्याला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ५४ चे ४५ झाले असतील. फरक सम असेल तर त्याचा निम्मा करायचा आणि तेवढी एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का ते पाहायचे. ही विद्या कुठल्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत नाहीत; ती आम्हाला जुन्या हेडक्लार्कांनी रात्री साडेआठ वाजता, उपाशीपोटी शिकवली. फरकाच्या अंगावरच त्याच्या कारणाची खूण असते, हा त्या विद्येचा सारांश.

सर्व्हरचेही अगदी तसेच आहे. सर्व्हर रोजकीर्द लिहितो हो! विंडोजच्या सर्व्हरमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची वही असते आणि तीत प्रत्येक घटनेचा क्रमांक पडतो. १०७४ क्रमांक दिसला, तर कुणीतरी हुकूम देऊन रीस्टार्ट करवले आहे. कुणी, तेही शेजारी लिहिलेले असते. बरेचदा तो हुकूम अपडेट बसवणाऱ्या आज्ञावलीचाच असतो आणि आपण मात्र भुताखेताचा संशय घेत बसतो. ६००८ म्हणजे मागच्या खेपेला यंत्र अवेळी बंद पडले. १००१ असेल, तर आतल्या आत काहीतरी कोसळले आणि कोसळताना यंत्राने आपल्या दुखण्याचा सांकेतिक आकडा लिहून ठेवला. तो घेऊन बिघडलेला ड्रायव्हर किंवा सदोष मेमरी हुडकता येते. आणि नुसताच ४१ असेल, शेजारी दुखण्याचा आकडाच नसेल, तर यंत्राला शेवटचे चार शब्द लिहायलाही सवड मिळाली नाही. म्हणजे आधी विजेकडे बघा : पॉवर सप्लाय, यूपीएस, सैल वायर. मग उष्णता : पंखा फिरतोय का, की त्यात तीन वर्षांची धूळ बसली आहे? मग मेमरी तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर रोग जाईलही कदाचित, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि तो परत आला की तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

यात कठीण काय आहे? नऊने भागण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे. पण चौदा तक्रारींत एकाही इसमाने ही वही उघडली नाही. हद्द म्हणजे, विंडोजमध्ये ‘बिघाड झाल्यास आपोआप रीस्टार्ट करा’ अशी एक चौकट असते आणि तिच्यात मुळापासूनच टिकली केलेली असते. त्यामुळे निळा पडदा येतो, त्यावर दुखण्याचे नाव येते, आणि कुणी चष्मा लावून वाचण्याआधीच तो नाहीसा होतो. रोग्याने तोंड उघडले रे उघडले, की त्याच्या तोंडात थर्मामीटर! ती टिकली काढून टाकली, तर यंत्र पडद्यावर आपले दुखणे सांगत थांबून राहते. पण थांबलेले यंत्र साहेबाला दिसते आणि परत परत पडून उठणारे यंत्र ‘चालू’ दिसते. सगळ्यांना दुसरेच सोयीचे.

आमच्या शाखेतले कारण अखेर कसे सापडले, ते सांगतो, कारण त्यात कुणाच्याही डिग्रीचा संबंध नाही. आम्ही एका जुन्या रजिस्टरात रेघा मारून रकाने पाडले : तारीख, वेळ, त्या वेळी कोण काय करीत होते. आठ दिवस लिहिले. सर्व्हर रविवारी कधीच पडत नव्हता, जेवणाच्या सुट्टीतही नाही. आमचे शिपाई मामा त्या रजिस्टरकडे बघून म्हणाले, ‘‘साहेब, त्यो मोठा प्रिंटर जागा झाला की हे लाईट जरा मिचकतात. तवाच त्यो पडतोय.’’ लोनच्या टेबलावर नवा लेसर प्रिंटर आला होता आणि भिंतीतला जवळचा प्लग म्हणून तो यूपीएसच्या लायनीवर लावलेला होता. लेसर प्रिंटरच्या पोटात शाई भाजून बसवणारा एक तापणारा रूळ असतो. तो तापताना एकदम भरपूर वीज ओढतो. म्हणूनच लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, असे यूपीएसच्या पुस्तकातच लिहिलेले असते. त्यातून आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या पाच वर्षे उलटून गेलेल्या. प्रिंटरने घोट घेतला की सर्व्हरच्या तोंडचे पाणी पळायचे. प्रिंटर साध्या प्लगवर नेला, बॅटऱ्या बदलल्या, प्रश्न मिटला. औषधाची किंमत : एक रजिस्टर आणि मामांचे दोन डोळे. पंधरावी तक्रार आम्ही केली ती फक्त हे कळवायला. तिच्यावरही शेरा आला, ‘रीस्टार्ट करून पाहावे.’

‘‘अहो, पण तुम्ही तर यंत्राशेजारीच बसला होता,’’ असे कुणी म्हणेल. ‘‘लांबून फोनवर बसलेल्या माणसाने काय करायचं? त्याला हात थोडेच लावता येतो?’’ बरं, मग लांबचेच उदाहरण घेऊ. चांगले कोट्यवधी मैल लांबचे.

४ जुलै १९९७ रोजी नासाचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपला आपण रीस्टार्ट होऊ लागला. झाला, की त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर. तिथे शिपाई मामा नाहीत आणि प्लगही नाही. मग पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले लोक काय म्हणाले? ‘होतोय ना परत चालू, मग राहू द्या’? नाही. त्यांच्याकडे यानाची जुळी यंत्रणा प्रयोगशाळेत होती. ती त्यांनी तशीच राबवली, तिच्या प्रत्येक हालचालीची नोंद घेतली आणि यंत्र मंगळावर जसे पडले तसेच पृथ्वीवर पाडून दाखवले.

कारण काय निघाले, ते बँकेच्या भाषेत सांगतो, म्हणजे पटकन कळेल. समजा, शाखेत एका कपाटाला एकच किल्ली आहे. सर्वांत धाकटा शिपाई ती घेऊन कपाटात एक रजिस्टर ठेवायला गेला. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांना त्याच कपाटाचे काम निघाले. ते किल्लीची वाट बघत उभे राहिले. इथपर्यंत ठीक, दोन मिनिटांचे काम. पण मधल्या टेबलावरच्या कारकुनाने शिपायाला हाक मारली, ‘अरे, आधी हे टपाल टाकून ये.’ कारकून शिपायापेक्षा वरचा, तेव्हा शिपाई गेला, किल्ली खिशात घेऊन! म्हणजे आता मॅनेजर कुणासाठी थांबलाय? टपालासाठी. तेवढ्यात वरचा इन्स्पेक्टर येतो, मॅनेजर हात बांधून उभा दिसतो, आणि तो निष्कर्ष काढतो, की शाखा ठप्प झाली आहे. सर्वांना बाहेर काढा आणि शाखा नव्याने उघडा. पाथफाइंडरवर हेच घडत होते. हवामानाची नोंद घेणारे किरकोळ काम किल्ली धरून बसे, मधली कामे त्याला बाजूला सारीत, सर्वांत महत्त्वाचे काम वेळेत होत नसे आणि पहारेकरी आज्ञावली सगळेच रीस्टार्ट करी.

उपायही झकास होता. ज्याच्या खिशात मॅनेजरला हवी असलेली किल्ली आहे, त्याला ती परत करीपर्यंत मॅनेजरचाच हुद्दा द्यायचा; मग त्याला टपालाला पिटाळण्याची कुणाची छाती आहे? ही सोय त्या यंत्रणेत होतीच, नुसती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू केली आणि दुखणे गेले. कोट्यवधी मैलांवरून त्यांना कारण सापडते आणि आमच्या हेल्पलाइनला गावातल्या गावात सापडत नाही. अंतर मैलांचे नसतेच मुळी, इच्छेचे असते.

रीस्टार्टवाल्यांच्या बाजूनेही बोलायला हवे, नाहीतर म्हणाल कारकून एकतर्फी लिहितो. २० जुलै १९६९ रोजी ‘अपोलो ११’ चंद्रावर उतरत असताना त्याच्या कॉम्प्युटरने १२०२ नावाचा गजर दिला आणि उतरता उतरता तो अनेकदा रीस्टार्ट झाला. तरी माणसे सुखरूप उतरली, कारण कामाचा बोजा वाढला तर बिनमहत्त्वाचे टाकून महत्त्वाचे तेवढे पुन्हा हाती घ्यायचे, हे त्या रीस्टार्टमध्ये आधीच ठरवून ठेवलेले होते, आणि त्या गजराचा अर्थ जाणणारा माणूस खाली पृथ्वीवर जागा होता. असा रीस्टार्ट मला शंभरदा मान्य आहे. जाणून घेतलेले औषध वेगळे आणि पाठ केलेले औषध वेगळे.

पाठ केलेल्या औषधाची गोष्ट आता सांगतो. ती हसण्याजोगी नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेची ‘पेट्रियट’ क्षेपणास्त्रे शत्रूची ‘स्कड’ हवेत पाडण्यासाठी ठेवली होती. त्यांचा कॉम्प्युटर वेळ मोजताना सेकंदाच्या दहाव्या भागात एक अतिसूक्ष्म चूक करी. यंत्र जितके जास्त वेळ सलग चाले, तितकी ती चूक साचत जाई. बंद करून चालू केले की घड्याळ पुन्हा शून्यावर. २१ फेब्रुवारीला वापरणाऱ्यांना कळवण्यात आले, की यंत्र ‘फार वेळ’ चालवल्यास नेम ढळू शकतो. फार वेळ म्हणजे किती, हे काही कळवले नाही. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या दाहरानजवळचे पेट्रियट १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होते. घड्याळ सेकंदाच्या एक-तृतीयांशाने चुकले होते. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. ते बरॅकवर आदळले आणि २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, तिथे पोचली.

त्यांना ‘बंद करून चालू करा’ हे औषधसुद्धा नीट सांगितले नव्हते. कारण सांगणे तर दूरच. कारण सांगितले असते, तर ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे तिथल्या एखाद्या साध्या शिपायानेही विचारले असते.

‘‘तुमच्या शाखेत कोण मरतंय?’’ असे विचाराल, तर मरत कुणी नाही. पण यंत्राचे कारण शोधले नाही, की माणूस शोधला जातो, आणि तो नेहमी खिडकीपाशी बसलेला सापडतो. विलायतेत १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची यंत्रणा बसली. तिच्यातल्या दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली. तूट पोस्ट चालवणाऱ्याने खिशातून भरायची, नाहीतर चोर ठरायचे. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांवर खटले झाले. कित्येक तुरुंगात गेले. यंत्रणेतच दोष होते, हे लंडनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले, आणि २०२४ साली खास कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. मधल्या काळात गेलेली माणसे, घरे आणि अब्रू मात्र रीस्टार्ट करता येत नाहीत.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मला नवा सर्व्हर नको, चर्चासत्र नको, ‘डिजिटल सप्ताह’ तर मुळीच नको. तक्रारीच्या नमुन्यात ‘निकाली’ या शब्दाच्या आधी एक रकाना हवा : ‘कारण’. तो भरल्याशिवाय तक्रार बंद होता कामा नये. सापडले नसेल तर ‘सापडले नाही’ असे लिहा, खाली सही करा, आणि तक्रार उघडी ठेवा. सही करायची म्हटले, की माणूस कसा वही उघडून बघतो, हे मी वीस वर्षे पाहतो आहे.

आम्ही बँकेत तपशिलाचा रकाना कोरा असलेले पाच रुपयांचे वाउचरसुद्धा पास करीत नाही. समोरचा म्हणतो, ‘‘अहो, पाचच तर रुपये आहेत!’’ आम्ही म्हणतो, ‘‘असू देत. कशाचे, ते लिहा.’’